आततायी नाही हो, उतावळा!

प्रश्न असा आलाय: जॉन अपडाइकची १९६१ ची 'ए अँड पी' ही गोष्ट एक जण मराठीत आणतायत. त्यातला सॅमी १९ वर्षांचा, बॉस्टनच्या उत्तरेकडच्या एका गावात सुपरमार्केटच्या गल्ल्यावर असतो. तीन मुली पोहायच्या कपड्यांत, अनवाणी दुकानात येतात, मॅनेजर त्यांना कपड्यांवरून टोकतो, आणि हा त्यांच्यासमोर शान दाखवायला तिथल्या तिथे नोकरी सोडतो. तर 'सॅमीचा आततायी निर्णय' चालेल का, की उतावळा म्हणू, की उतावीळ?

आततायी अजिबात नको. बातम्यांत, पालकसभेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये जो उठतो तो "आततायीपणा करू नका" म्हणतो आणि मला दर वेळी त्रास होतो. आतत म्हणजे ताणलेलं, ज्याने धनुष्य ताणलंय, जो जीव घ्यायलाच निघालाय तो आततायी. स्मृतींमध्ये सहा आततायी मोजलेत: आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन चालून येणारा, धन लुटणारा, जमीन बळकावणारा, बायको पळवणारा. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन कौरवांना आततायी म्हणतो, आणि त्यांनी काय केलं होतं बघा, भीमाला विष घातलं, लाक्षागृह बांधलं. लाक्षागृह काय कुणी रागाच्या झटक्यात बांधतं का? कारागीर गाठावा लागतो, लाख जमवावी लागते, हसतमुखाने पाहुण्यांना तिथे राहायला पाठवावं लागतं. आततायी माणूस चांगला विचार करून, थंड डोक्याने वाईट वागतो.

मग त्याला 'अविचारी' हा अर्थ चिकटला कुठून? माझं मत सांगतो, पटत नसेल तर सोडून द्या. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे, 'आततायिनमायान्तं हन्यादेवाविचारयन्', म्हणजे आततायी चालून आला तर विचार न करता मारावा. अविचार आहे तो मारणाऱ्याकडे! दोन शब्द एकाच ओळीत शेजारी बसले आणि पाठ करणाऱ्यांच्या तोंडी एकाचा गुण दुसऱ्याला लागला असं मला पक्कं वाटतं. "कोशात आता तोही अर्थ दिलाय" असं मला ऐकवणारे असतात, त्यांना एवढंच सांगणं आहे की कोश लोक काय बोलतात ते नोंदवतो, त्या नोंदीने चांगला शब्द बोथट व्हायचा थांबत नाही.

सॅमीसाठी शब्द उतावळा. आणि काय सुंदर शब्द आहे! माझ्या ओळखीचे एक संस्कृतचे शिक्षक तो त्वरेशी जोडतात, मला ते मुळीच मान्य नाही, कारण त्वरेतल्या 'त्व'चं पुढे 'तु' होतं, तुरंत बघा, त्यातून 'ता' कुठून आणणार? मूळ आहे उत्ताप, वर चढलेली उष्णता. दीपचा दिवा झाला तसा तापचा ताव झाला आणि उत्तापाचा उताव, पुढे ळ लागला. गुजरातीत उतावळुं, हिंदीत उतावला, सगळं एकच घराणं. तवा त्याच कुळातला, तावून सुलाखून मधला ताव तोच, तावातावाने बोलणं तेच. म्हणजे उतावळ्याची खरी अडचण घाई ही नाहीच, आच लागलीय ही आहे, घाई मागून येते. मराठीने तर यावर म्हणच करून ठेवलीय, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! कपाळाचं बाशिंग गुडघ्यावर, कारण कपाळापर्यंत हात जाईतोही धीर निघत नाही. मुलगी दिसली की पोराचं जे होतं ते याहून नेमकं कुणी सांगावं.

आता सॅमी बघा. मॅनेजर त्याला आईवडिलांची आठवण करून देतो, परत फिरायची वाट उघडी असते, तरी हा एप्रन काढतो, घडी घालतो, वर बो टाय टाकतो. आईने आदल्या रात्री इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून बाहेर येतो तर मुली केव्हाच निघून गेलेल्या. कुणाचं वाईट करायचं त्याच्या मनात नव्हतं, तापला होता नुसता. त्याला आततायी म्हणणं अन्याय आहे.

(पत्रात 'पौगंडावस्था' पण लिहिलंय. संस्कृतात पौगंड म्हणजे पाच ते दहा वर्षांचं पोर. मराठीत ते तेरा-चौदावर सरकलं ते मी एक वेळ चालवून घेईन, पण १९ ला नको, सरळ 'कोवळं वय' लिहा.)

हां, उतावीळ राहिलंच. तेही बरोबर, पण ते बदलत नाही, उतावीळ मुलगा, उतावीळ मुलगी. उतावळा मात्र लिंगाप्रमाणे फिरतो. शिवाय उतावीळ मला जरा पुस्तकी लागतं, आणि सॅमी गल्ल्यावर उभा राहून अघळपघळ बोलणारा पोरगा आहे, त्याच्या तोंडी शोभेल अशा भाषेत उतावळाच बसेल.