कॅप्सूल आत अडकली तर?

प्रश्न : आईचं हिमोग्लोबिन सारखं घसरतं. गॅस्ट्रोस्कोपी (जठराची दुर्बीण तपासणी), कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची) दोन्ही नॉर्मल. आता कॅप्सूल एंडोस्कोपी (गोळीसारखा छोटा कॅमेरा गिळून लहान आतडं बघण्याची तपासणी) सांगितली आहे. ती आत अडकली तर?

उत्तर : अडकण्याचं प्रमाण कमी आहे, पण आतडं कुठे अरुंद असेल तर धोका खरा. क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार), आतड्याचा टीबी, पोटाची जुनी शस्त्रक्रिया किंवा वेदनाशामक गोळ्यांचा दीर्घ वापर असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. अशांना आधी विरघळणारी चाचणी-कॅप्सूल देता येते. दोन आठवड्यांत कॅप्सूल बाहेर पडली नाही तर ती अडकली असं धरतात; पोटाच्या एक्स-रेत ती दिसते. ती बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय अजिबात नको.

कॅप्सूल साधारण २६ मिमी लांब, ११ मिमी जाड असते. बॅटरी ८ ते १२ तास चालते. पण कॅप्सूल जठरातच रेंगाळली, तर लहान आतड्याचा शेवटचा भाग बघायचा राहून जातो.

लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून थांबवा. त्यांचा काळा थर आतड्याची भिंत झाकतो. आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं, पोटसफाईचं औषध सांगितल्याप्रमाणे घ्यायचं. गिळल्यावर सहसा दोन तासांनी पाणी, चार तासांनी हलकं खाणं. पेसमेकर असेल तर तेही सांगा.

एक मर्यादा : कॅप्सूल फक्त बघते. तपासणीसाठी तुकडा काढणं किंवा रक्तस्राव थांबवणं तिला जमत नाही.