शिक्षकांनी एकत्र बसून शिकणं शाळेत खरंच होतं का, की नुसतं कागदावरच?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही नव्यानं नोकरीला लागलात, महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, सगळा वेळ माहिती भरण्यात आणि सूचना ऐकण्यात जातो, मग हे एकमेकांकडून शिकणं होतं तरी कधी. मी 16 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतेय, बरीचशी द्विशिक्षकी शाळेत. होतं, मी केलंय, पण आमच्याकडं ते परिषदेतून नाही, एका वहीतून सुरू झालं.

तिसरीला हातच्याची वजाबाकी चालू होती. 52 वजा 27, आणि अर्ध्या पोरांचं उत्तर 35. चार दिवस मी तेच तेच फळ्यावर करून दाखवत होते, आवाज पण चढायला लागला होता. शेवटी केंद्रातल्या दोन मॅडम आणि एक सर यांच्यासमोर त्या वह्या ठेवल्या, तर म्हणाले आमच्याकडं पण हेच आहे. मग ठरवलं की लगेच उपाय सांगत बसायचं नाही, आधी प्रत्येकानं आपल्या वर्गातल्या दोन मुलांना जवळ घेऊन विचारायचं, हे कसं केलंस सांग बरं, आणि ती जे बोलतील ते जसंच्या तसं लिहून आणायचं. माझ्याकडची एक मुलगी म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन घालवले." म्हणजे पोरीचं लक्ष नव्हतं असं अजिबात नाही, तिनं स्वतःचा एक नियम बनवला होता, आणि चौघांच्याही वर्गात पोरांनी तोच बनवला होता!

मग काड्यांचे गठ्ठे घेऊन पाठ आम्ही चौघांनी मिळून तयार केला. शिकवला मी, बाकी तिघं आपापले वर्ग जोडीदार शिक्षकांकडं सोपवून, रीतसर परवानगी काढून आले आणि माझ्याकडं नाही तर पोरांच्या हातांकडं बघत बसले. हे फार महत्त्वाचं आहे. सरांना दिसलं की त्या मुलीनं गठ्ठा सोडला, काड्या मोजून 25 बरोब्बर सांगितले, आणि वहीकडं वळून परत 35 लिहिले. काड्या वेगळं सांगतायत आणि वही वेगळं, तिला त्यात काहीच खटकलं नाही. फळ्याजवळ उभं राहून मला हे जन्मात दिसलं नसतं. पुढचा पाठ एका मॅडमच्या वर्गात घेतला, तेव्हा वहीच्या पानावरच दशक-एककाची घरं आखली, काड्या त्याच घरांत ठेवल्या, गठ्ठा सुटला की लगेच तिथंच 5 खोडून 4 आणि एककाच्या घरात 12. तिकडं जमलं म्हटल्यावर माझ्या वर्गातही तसंच घेतलं, आठवडाभरात बहुतेकांना जमलं. दोघं-तिघं राहिले, त्यांची अडचण वेगळीच निघाली, सत्तावीस ऐकलं की ते 72 लिहायचे कारण मराठीत सात आधी ऐकू येतात. 2019 ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसऐवजी "वीस सात" असं वाचन आलं तर केवढा गदारोळ झाला, पण अशा पोराशेजारी बसून बघितलं की त्यामागचं कारण लगेच कळतं.

असा मिळून पाठ तयार करून, तो बघून सुधारण्याला जपानमध्ये जुग्यो केंक्यू म्हणतात हे मला नंतर कळलं, जुग्यो म्हणजे पाठ, केंक्यू म्हणजे संशोधन, शंभराहून जास्त वर्षं तिथल्या शाळांत चालू आहे. आपल्याकडं साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट), पोरांनी स्वतः करून शिकण्यासाठी नावाजलेल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले, 2015 ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा सरकारी कार्यक्रम आला तेव्हा तर जास्तच. पण बऱ्याच जणांनी येताना तिथल्या, पोरांना शिकायला म्हणून रंगवलेल्या फरशीचे फोटो आणले, आपल्या शाळेची फरशी रंगवली आणि तिथंच थांबले. तिथल्या शिक्षकांनी एकत्र बसून काय डोकं लावलं होतं ते फोटोत कसं येणार.

तुम्ही एवढं करा, पन्नास जणांची वाट बघू नका, दोघं पुरेत. चुकलेल्या उत्तराची एक वही घेऊन जा, चांगली वही नको, आणि समोरच्या शिक्षकाचं कुठं चुकलं हे बोलायचंच नाही असं आधीच ठरवा, नाहीतर पुढच्या वेळी कोणी आपला वर्ग दाखवणार नाही. लांबच्या शाळेतले असतील तर वहीचा फोटो ग्रुपवर टाका, चालतं.

सध्या आमच्यापुढं 408 भागिले 4 आहे. चौथीची कितीतरी पोरं 12 लिहितात, मधलं शून्य जातं कुठं ते त्यांनाच विचारायचं ठरलंय, येत्या शनिवारी.