चुकलेली गाडी कुठे जाईल? ऑटोक्रॉसच्या स्वयंसेवकांचे प्रश्न

मोठ्या पार्किंग लॉटमध्ये किंवा जुन्या धावपट्टीवर प्लास्टिकचे नारिंगी शंकू, म्हणजे कोन, मांडायचे आणि त्यांच्यामधून एकेका गाडीने कमीत कमी वेळात पळायचं, हा ऑटोक्रॉस. अमेरिकेत बरेच क्लब १९४४ साली स्थापन झालेल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या, म्हणजे एससीसीएच्या, नियमांनी तो भरवतात, आणि रविवारची सगळी मांडामांड हौशी माणसंच करतात. ती करू पाहणाऱ्या मराठी मंडळींचे हे प्रश्न, आणि माझी उत्तरं.

दोन सीझन मियाटा (माझदाची छोटी स्पोर्ट्स कार) पळवतोय. आता क्लबने विचारलंय, पुढचा कोर्स, म्हणजे कोनांची वाट, तू आखशील का? सुरुवात कुठून करू? (न्यू जर्सी)

शेवटापासून करा. माझ्या पहिल्या कोर्समध्ये मी फिनिश एका लांब, वेगवान वळणाच्या तोंडाशी ठेवली होती. कागदावर सुरेख दिसत होती. सकाळी सुरक्षा बघणारे सेफ्टी स्टुअर्ड माझ्यासोबत चालत आले, फिनिशपाशी थांबले आणि एवढंच विचारलं, "इथे मागचं टोक घसरलं तर गाडी कुठे जाईल?" मी मान वर केली. समोर दिव्याचा खांब होता. आम्ही फिनिश तिथून हलवली, आणि तेव्हापासून प्रत्येक वळणावर मी हाच प्रश्न स्वतःला विचारतो.

म्हणून आधी लॉटचा उपग्रह नकाशा छापून घ्या आणि खांब, कठडे, गटाराची झाकणं, उंचवटे त्यावर लाल पेनाने मारा. एससीसीएच्या नियमपुस्तकात पक्क्या, न हलणाऱ्या वस्तूपासून किमान २५ फूट अंतर सांगितलंय. सरळ भागाच्या कडेला ते ठीक आहे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला मी त्याच्या दुप्पट तरी सोडतो, कारण गाडी घसरते ती तिकडेच. मग फिनिश आणि त्यापुढची थांबायची जागा, मग स्टार्ट, आणि मधला भाग सर्वांत शेवटी.

त्या मधल्या भागात ड्रायव्हरला खेळायला जागा द्या. गेटची, म्हणजे दोन कोनांमधल्या वाटेची, रुंदी १५ फुटांखाली नको. स्लॅलमच्या, म्हणजे एका रांगेतल्या कोनांमधून नागमोडी जायच्या भागातल्या, दोन कोनांमध्ये किमान ४५ फूट हवेत, पण मला साठ-पासष्ट आवडतात, आणि तेही सारखे नाहीत. अंतर हळूहळू कमी होत गेलं की जो पहिल्या कोनालाच पूर्ण वेगाने शिरला तो तिसऱ्या कोनाशी अडकतो. साध्या रस्त्यावरच्या गाड्यांचा सर्वाधिक वेग ताशी साठ मैलांच्या थोडा वर, एवढाच राहायला हवा.

आखून झालं की कोन कमी करा. नवख्याला ड्रायव्हिंग सीटवरून वाट दिसत नाही, दिसतो तो नुसता नारिंगी पसारा. उभ्या कोनाकडे टोक करून आडवा ठेवलेला एक कोन दहा जादा कोनांचं काम करतो.

आमच्याकडे कॉर्व्हेटवाले (मोठी, ताकदवान स्पोर्ट्स कार) म्हणतात कोर्स फार घट्ट, मियाटावाले म्हणतात फार मोकळा. कुणाचं ऐकायचं? (टेक्सस)

दोघे तक्रार करत असतील तर बहुधा तुमचा कोर्स बरा आहे. नेब्रास्कातल्या लिंकनला दर सप्टेंबरला एससीसीएची राष्ट्रीय स्पर्धा होते. तिथे दोन दिवस दोन वेगळे कोर्स, प्रत्येकावर फक्त तीन रन, म्हणजे फेऱ्या. आधी सराव नाही, पायी चालून पाहायचं तेवढंच. असा पहिल्या नजरेत वाचता येणारा कोर्स आखा. नवखे किती जण वाट चुकले ते मोजा. तो आकडा कुरकुरीपेक्षा खरं बोलतो.

पहिल्यांदाच इव्हेंट चेअर, म्हणजे दिवसभराच्या स्पर्धेची प्रमुख, झालेय. ८० गाड्या आहेत, प्रत्येकीला पाच रन द्यायचेत. दिवस पुरेल का? (मिशिगन)

हिशोब करा. ८० गुणिले ५ म्हणजे ४०० रन. दर ३० सेकंदांनी गाडी सुटली तर २०० मिनिटं. दर ४० सेकंदांनी सुटली तर २६७. दहा सेकंदांच्या ढिलाईने एक तासाहून जास्त वेळ गेला! ही ढिलाई बहुतेक वेळा स्टार्टवर नसते. ती असते पडलेला कोन उचलायला साठ फूट धावणाऱ्या एकट्या कॉर्नर वर्करपाशी, म्हणजे वळणावर उभ्या स्वयंसेवकापाशी. त्यामुळे सर्वाधिक कोन पडणार तिथे जास्त माणसं उभी करा, आणि हे ठिकाण कोर्स आखणाऱ्यालाच विचारा. प्रत्येक कोनाच्या तळाभोवती जमिनीवर चौकट आखलेली असू द्या. कोन पडला किंवा चौकटीच्या पूर्ण बाहेर गेला तर दोन सेकंद दंड. हलला पण उभा आहे आणि चौकटीला शिवतोय, तर दंड नाही. रेषा पुसट असली की वाद वाढतो आणि वेळ जातो.

कामं सकाळच्या मीटिंगआधीच वाटून टाका: नोंदणी, गाड्यांची तपासणी, टायमिंग, ग्रिड (सुटण्याआधी गाड्या रांगेत लावणं), कॉर्नर. आणि नवख्यांसाठी एक समजूतदार माणूस राखून ठेवा. ते काम मी कुणालाही सोपवत नाही, कारण पहिल्या दिवशी ज्याला कुणी जवळ बसवून समजावलं, तोच पुढच्या वर्षी कोन उचलायला येतो.

मला गाडी पळवायची नाही, पण मुलगा सतरा वर्षांचा आहे, तो जातो. मी नुसती बसून राहू का? (कॅलिफोर्निया)

नको ताई, तुमची फार गरज आहे. मुलगा अल्पवयीन असल्याने त्याच्या फॉर्मवर पालकांची सही लागतेच, त्यामुळे नोंदणीच्या टेबलापाशी तुम्ही जाणारच. तिथेच काम मागा. टायमिंगला बसलात तर वायरलेसवर कळवलेले पडलेले कोन लिहून घ्यायचे, गाडीचा नंबर परत म्हणून खात्री करायची. आकडे नीट ठेवणारं माणूस क्लबला सहजी मिळत नाही.

पुढे कॉर्नरला उभं राहावंसं वाटलं तर राहा, मात्र बसायचं नाही, फोन काढायचा नाही आणि येणाऱ्या गाडीकडे पाठ करायची नाही. गाड्या थांबवायचा लाल झेंडा हातात, उघडलेला नसला तरी तयार. गाडी वेडीवाकडी आली तर कोन वाचवू नका, आधी बाजूला व्हा.