लाँचच्या नांगराने, खुंट्यांनी फुटलेला कातळ सिमेंटने भरावा का?

तुम्ही विचारलंय की शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठी, तापोळ्याच्या अंगाला, लाँच बांधून बांधून कातळ फुटलाय, तर सिमेंटने भरला तर चालेल का.

नको. मी तेच करून बसलोय. बामणोलीकडे आमची लाँच ज्या कातळाला बांधायचो, तिथे लोखंडी खुंटीभोवती वीतभर खड्डा पडला होता. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर पाटीभर सिमेंट-वाळू थापली. पुढच्या मे महिन्यात बघतो तर सिमेंट जागच्या जागी घट्ट, आणि त्याच्या कडेने कातळाचाच परातीएवढा ढलपा सुटलेला!

खुंटी आतच ठेवली, ही चूक. लोखंड गंजलं की दुपटीहून जास्त जागा घेतं, पाचर ठोकल्यासारखा दगड फाकवतं. वर सिमेंटचं झाकण, म्हणजे पाणी आत कोंडलेलं. त्यात कातळावर पांढरे ठिपके असतील तर तो आणखी नाजूक. ते झिओलाइट नावाच्या ठिसूळ खनिजाचे दाणे. साखळी घासली की आधी तेच निखळतात आणि दगडाची चाळण होते.

तेव्हा आधी खुंटी काढा. घण घालून हलवू नका, कोअर कटरने, म्हणजे दगड गोल कापणाऱ्या यंत्राने, भोवतीच्या दगडासकट कापून घ्या. खड्डा नायलॉनच्या ब्रशने धुवा. भरायला चुना, विटांची बारीक सुरखी आणि त्याच कातळाची कच. नुसता चुना पाण्याखाली आवळत नाही, सुरखीमुळे आवळतो. पातळ थर द्या, वर ओलं गोणपाट टाका. हे एप्रिललाच उरका, कारण पाणी चढायच्या आत त्याला काही आठवडे मिळायला हवेत. ओरखडे आणि गंजाचे डाग आहेत तसे राहू द्या. ॲसिड तर अजिबात नको, ते दगडातली खनिजंच खातं. मोठा ढलपा डुगडुगत असेल तर जाणकाराला दाखवा.

पण लाँच पुन्हा तिथेच बांधणार असाल तर हा सगळा खटाटोप फुकट. गाळात काँक्रीटचा ठोकळा सोडून वर तरंगता पिंप ठेवा आणि त्याला बांधा. ठोकळा दांडगा घ्या, पाण्यात 200 किलोचा जेमतेम 115 किलो भरतो. धरणाचं पाणी उतरेल तसा तो आत सरकवावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, आमच्याकडे यावरून दरवर्षी भांडणं होतात.

जलसंपदा आणि वन खात्याला आधी विचारा, शेजारीच कोयना अभयारण्य आहे. आणि भेगेचा फोटो टाकाल तेव्हा बाजूला काडेपेटी ठेवा, रुंदीचा अंदाज येईल.