'कन्नमवार', 'सोमवार' आणि 'उमेदवार' यांतील 'वार' एकच आहे का?

आपण विचारले आहे की चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या आडनावांतील 'वार', दिवसांच्या नावांतील 'वार' आणि 'उमेदवार' या शब्दातील 'वार' हे मूळचे एकच आहेत का. मी चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, आणि आमच्या गावची मतदार यादी उघडली की 'वार'ने संपणारी आडनावे ओळीने दिसतात, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. उत्तर 'नाही' असे आहे. हे तीन 'वार' अनुक्रमे तेलुगू, संस्कृत आणि फारसी या भाषांतून आलेले असून मराठीत त्यांचा उच्चार जुळला, एवढेच.

आडनावांतला 'वार' तेलुगू 'वारु'पासून आला. 'वारु' म्हणजे 'ते लोक'. एकाच व्यक्तीविषयी आदराने बोलतानाही हाच शब्द वापरतात, जसे आपण एकट्या माणसाला 'ते' म्हणतो. कन्नडमधील 'अवरु' आणि तमिळमधील 'अवर' ही त्याचीच भावंडे. तेलुगूत घराण्याचे नाव आधी आणि व्यक्तीचे नंतर येते, आणि घराण्याच्या नावापुढे षष्ठीचे 'वारि' लागते. वर्धा नदीपलीकडून, तेलंगणातील सिरपूर-कागजनगरच्या बाजूने लग्नपत्रिका येते तेव्हा तिच्या माथ्यावर 'गड्डम वारि पेळ्ळि पिलुपु', म्हणजे 'गड्डम मंडळींकडील लग्नाचे आमंत्रण', अशा धर्तीची ओळ असते. तेच घराणे नदीच्या अलीकडे मराठी मुलखात स्थिरावले की आडनाव शेवटी जाते आणि 'गड्डमवार' होते. 'वार' काढून टाकला की उरलेला शब्द बहुधा तेलुगू निघतो: 'गड्डम' म्हणजे दाढी, 'मामीडवार'मधील 'मामिडि' म्हणजे आंबा, आणि 'कोत्तपल्लीवार'मध्ये 'कोत्त' म्हणजे नवे व 'पल्लि' म्हणजे खेडे, म्हणजे हे आपले नवेगावकरच म्हणायचे. मात्र 'कर' गावाला चिकटतो, तसे बंधन 'वार'ला नाही. तो गावाला, झाडाला, कशालाही लागतो. ही आडनावे एका जातीची खूण आहे असे काही जण समजतात, तेही बरोबर नाही. कोमटी, पद्मशाली, बेलदार अशा अनेक समाजांत ती आढळतात. सिरोंचाकडे आजही घरोघरी तेलुगू बोलली जाते, आणि राजुरा तर 1956 पर्यंत निजामाच्या मुलखातून आलेल्या हैदराबाद राज्यात होते, हे लक्षात घेतले म्हणजे या भागात 'वार' एवढा का रुजला ते कळते. 1962 मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले मारोतराव कन्नमवार चंद्रपूरचेच.

दिवसाचा 'वार' हा खरे तर प्रत्यय नसून स्वतंत्र संस्कृत शब्द आहे. त्याचा अर्थ पाळी किंवा खेप. 'एकवार' आणि 'वारंवार' यांत तो अर्थ शाबूत आहे. सोमवार म्हणजे सोमाची, अर्थात चंद्राची पाळी. आमच्याकडची वडीलधारी माणसे रविवारला 'आइतवार' म्हणतात, तो 'आदित्यवार'. नागपूरची इतवारी पेठ त्याच नावाची.

'उमेदवार' फारसी आहे: 'उमेद' म्हणजे आशा, आणि 'वार' म्हणजे असणारा, बाळगणारा. निवडणुकीच्या दिवसांत हा अर्थ फारच चपखल बसतो. तलाठ्याच्या दप्तरातील 'खातेवार', 'गाववार', 'तपशीलवार' यांतला प्रत्ययही फारसीच, परंतु तेथे अर्थ 'त्या-त्या प्रमाणे' असा होतो. वऱ्हाडात इंग्रजांनी लावलेली 'रयतवारी', म्हणजे एकेका रयतेच्या नावे सारा ठरवण्याची पद्धत, याच घडणीची. आमच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, भागात तेव्हा मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजारामार्फत घेण्याची पद्धत, होती.

शेवटी 'वार' दिसला म्हणून प्रत्यय समजू नये, हेही सांगायला हवे. 'परिवार' हा 'परि' उपसर्ग आणि 'वृ' धातू यांपासून झाला आहे, तर 'तलवार'मागे संस्कृत 'तरवारि' आहे. तेथे 'वार' वेगळा काढता येत नाही.