आजोबांच्या पहिल्या बायकोबद्दल वडिलांना विचारू का?

मी 57 वर्षांची आहे. शनिवारी सकाळी सार्वजनिक वाचनालयात जुनी पुस्तकं चाळते, दुपारी वडिलांबरोबर जेवते, ते आडवे झाले की टिपणं लिहीत बसते. वडील 86 वर्षांचे आहेत. बोलतात कमी, पण गोदावरीच्या 1969 च्या पुराचा विषय निघाला की खुलतात. मध्यंतरी पंचवटीत आमच्या तीर्थोपाध्यायांकडची नामावळी, म्हणजे तीर्थाला आलेल्या घराण्यांच्या नोंदींची वही, पाहिली. शके 1856 मध्ये आजोबा गावाहून पत्नीच्या अस्थी घेऊन रामकुंडावर आल्याची मोडीतली नोंद त्यात आहे. नाव आजीचं नाही, आणि आजी तर माझ्या लग्नात होती! घरात या बाईबद्दल कुणी कधी अवाक्षर काढलेलं नाही. भाऊ म्हणतो, गाडलेली मढी उकरू नकोस. वडिलांना सांगू की गप्प बसू?
– एक वाचक, गंगापूर रोड

ताई,

विचारा, पण सांगायला जाऊ नका. मोबाईलवर नोंदीचा फोटो धरून “हे बघा काय सापडलं” म्हणालात, तर त्या वयाच्या माणसाला आपल्या वडिलांच्या वतीनं जबाब द्यावा लागल्यासारखं होईल. जेवण झाल्यावर पुराच्या गोष्टी निघतील, तेव्हा सहज विचारा: आजोबांचं लग्न कधी झालं, आजी घरात आली तेव्हा घरात कोण कोण होतं. मग थांबा. पुढचं त्यांना त्यांच्या क्रमानं येऊ दे.

मला मनापासून वाटतं की त्यांना ठाऊक असणार. तुमच्याकडे पितृपक्षात श्राद्ध-तर्पण होत असेल तर आठवून पाहा. नावं घेण्याच्या क्रमात आई, आजी, पणजी यांच्यानंतर सापत्नमातेची, म्हणजे सावत्र आईची, जागा असते, आणि गुरुजी ते नाव विचारतात. वडिलांच्या जन्माआधीच गेलेली ही बाई नात्यानं त्यांची सापत्नमाता. तुम्ही आत वडे तळत असताना बाहेर दर भाद्रपदात तिचं नाव उच्चारलं गेलं असेल. देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावरच्या प्रतिमा, तेही एकदा नीट पाहा. पहिली बायको गेली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा किंवा देवात ठेवायचा, अशी रीत आपल्याकडच्या पुष्कळ घरांत होती. कुणाचा ते सांगता येत नाही असा एखादा झिजलेला टाक असेल, तर वडिलांना आधी त्याच्याबद्दल विचारा. घरानं तिला लपवलं, असं धरून चालू नका. घराची आठवण ठेवायची जागा वाचनालयाच्या कपाटापेक्षा वेगळी असते, आणि ती जागा आजवर बायकांच्या आणि गुरुजींच्या हाती होती.

तोंड उघडण्याआधी मात्र नोंद पक्की करा. मोडीत नाव चुकीचं वाचलं जाणं अगदी सहज घडतं, म्हणून ते पान दुसऱ्या जाणकाराकडून वाचून घ्या. आजोबांचं नाव पुतण्याला किंवा नातवाला ठेवायची पद्धत होती. तेव्हा नोंदीतल्या माणसाच्या वडिलांचं नाव आणि गाव जुळतंय का, हे बघा. चुलत घराण्यातल्या त्याच नावाच्या माणसाची नोंद असेल, तर वडिलांना उगाच घोर लावाल.

विचारल्यावर ते गप्प झाले, तर चहा ठेवा आणि विषय सोडा. पुन्हा पुन्हा विचारू नका. त्यांनी स्वतः काढला तर ऐका, आणि त्यांना विचारल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करू नका. कागद तिथेच राहणार आहेत. घाई केली तर वडिलांबरोबरच्या त्या शांत दुपारी बिघडतील, आणि माझ्या लेखी त्या दुपारी कुठल्याही नोंदीपेक्षा मोलाच्या आहेत.

भावाचं एक बरोबर आहे: वडिलांशी बोलणं होण्याआधी हे घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाता कामा नये. पण मढी उकरण्याची भाषा मला पटत नाही. मूलबाळ न होता तरुणपणी गेलेल्या बायका वंशावळीतून पहिल्या गळतात, कारण त्यांचं नाव सांगायला मागे कुणी उरत नाही. वडील बोलोत न बोलोत, तुमच्या वहीत आजोबांच्या नावाशेजारी तिचं नाव लिहा. तेवढा तिचा हक्क आहे.

आणि भावालाच सोबत घेऊन तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जा. जन्म-मृत्यूच्या नोंदी असलेलं गावाचं जुनं कोतवाल बुक शिल्लक असेल, तर त्यात मृत्यूची तारीख आणि कारण मिळू शकेल. शके 1856 म्हणजे 1934 चा मार्च ते 1935 च्या एप्रिलची सुरुवात, त्यामुळे दोन्ही वर्षं मागा. दूरच्या गावचे लोक अस्थी झाडाला टांगून ठेवून सवडीनं गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, आणत, म्हणून 1933 चं पुस्तकही अर्जात लिहा. कारण बाळंतपण निघालं, तर मूल वाचलं का हे त्याच गावच्या जन्मनोंदीत पाहा, आणि ते वडिलांना सांगायचं की नाही हे तुम्ही दोघं भावंडं मिळून ठरवा.