सभेतला निर्णय आणि बायबलमधील परिवर्तन

प्रश्न : आमच्या वस्तीतील सुवार्ता (येशूचा शुभसंदेश) सांगणाऱ्या सभेत वक्त्यांनी हात वर करायला लावून छोटी प्रार्थना म्हणवून घेतली आणि ‘तुमचे तारण झाले’ (म्हणजे पापातून सुटका झाली) असे जाहीर केले. बायबलला हेच अभिप्रेत आहे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : लोकांना पुढे बोलावून तिथल्या तिथे निर्णय घ्यायला लावण्याची पद्धत १८३०च्या दशकात अमेरिकेत धर्मोपदेशक चार्ल्स फिनी यांच्या सभांमुळे रूढ झाली, बायबलच्या नव्या करारात, म्हणजे येशू आणि त्याच्या शिष्यांविषयीच्या भागात, ती आढळत नाही. येशूचा शिष्य पेत्र याच्या प्रवचनानंतर एकाच दिवशी सुमारे ३,००० लोक मंडळीत (ख्रिस्ती समुदायात) आले, तेव्हा तत्काळ निर्णय वर्ज्य नाही हे मान्य. मात्र पेत्राने आधी पश्चात्ताप करण्यास बजावले होते आणि ते लोक पुढे प्रेषितांच्या (येशूच्या प्रमुख शिष्यांच्या) शिकवणीत टिकून राहिले, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा दुसरा अध्याय सांगतो. जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केल्यावर येशूने त्याच्या घराला तारण प्राप्त झाल्याचे म्हटले. (हल्लीच्या किती सभांत हिशेबाच्या वह्या उघडायला सांगतात?) काही काळ नागपुरात राहिलेल्या कवी ना. वा. टिळकांना राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात नवा करार मिळाला. बाप्तिस्मा मात्र त्यांनी बऱ्याच अभ्यासानंतर आणि घरच्यांचा विरोध पत्करून १८९५मध्ये घेतला.